त्रास नाही

११ नोव्हेंबर

ताई,

तुझा शिक्का काल पुन्हा माझ्या घरी आला.

धाकटीच्या प्रगतिपुस्तकात, सहामाहीच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात. निळ्या शाईत, जरा तिरका. 'शांत व समंजस. त्रास नाही.' थोरल्याच्या प्रगतिपुस्तकांत हाच शेरा तीन वर्षांत पाच वेळा आहे, त्यातले शेवटचे तीन तू मारलेले. मी काल सगळी पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली. 'समंजस'वरचा अनुस्वार सगळीकडे अर्धाच उमटलाय. म्हणजे शिक्का तोच.

तू म्हणशील, धाकटीच्या वर्गाला मी शिकवत नाही. माहीत आहे. तिच्या वर्गशिक्षिका नवीन आहेत, शिक्षकांच्या खोलीतल्या ट्रेमधून त्यांनी उचलला असेल. पण शिक्का तुझा आहे. शाळेत त्याला 'मोठ्या बाईंचा शिक्का' म्हणतात.

फेब्रुवारीत थोरला गेला. लोक 'गेला' म्हणतात, मीही म्हणतो, जणू काही कामाला गेलाय आणि येईल. त्याने आपण होऊन जीव दिला. पंधरा वर्षांचा होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय. तेव्हापासून धाकटी रोज संध्याकाळी पेन्सिलींना टोक करत बसते. चार पेन्सिली. टोक असलं तरी पुन्हा करते. बोटाएवढ्या उरल्या की मी नवीन आणतो. जेवते, अभ्यास करते, काही विचारलं तर 'हो' म्हणते. अकरा वर्षांच्या पोरीच्या या नऊ महिन्यांवर तुमच्या शाळेला पाच शब्द सुचले, आणि तेही रबराचे.

काल तिने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "बाबा, सही."

मी पेन उघडलं आणि तसंच धरून बसलो.

"चांगलंच लिहिलंय की," ती म्हणाली.

सही केलेली नाही. पुस्तक परत द्यायचा उद्या शेवटचा दिवस आहे. देणार नाही. शाळेने काय दंड करायचा तो करावा.

आपण तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो. छापखान्यात जाताना मी रोज तुझ्या खिडकीखालून जातो आणि वर बघत नाही. समोरासमोर मला बोलता येणार नाही. लहानपणापासून तू मला मुका म्हणतेस ते काही उगाच नाही. म्हणून पत्र. उत्तर पाठवू नकोस.

आणि हो, तो शिक्का कुणी केला, कधी केला, हा इथे प्रश्न नाही.

मुका

२१ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नको म्हटलं तरी तुझी चार ओळींची चिठ्ठी आली, सोबत शाळेचं छापील निमंत्रण. 'विद्यार्थी मनःस्वास्थ सहयोग समिती'. 'स्वास्थ्य'मधला 'य' कुठे सांडला? तुमच्या शाळेचं छापकाम पंधरा वर्षं आमच्याकडे आहे, हे तेवढं दुसरीकडून करून घेतलंत. माझ्यापुढे हा मजकूर ठेवायची लाज वाटली असेल. वाटायलाच हवी. आमच्या मशीनवाल्याने कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "पोरांचं स्वास्थ्य सुधारायला निघालेत, आधी स्वतःचं सुधारा म्हणावं." फेब्रुवारीनंतर मी पहिल्यांदा हसलो. ते हसूही रागाचंच होतं.

पालक, शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, 'समाजातील सर्व घटक' यांनी म्हणे एकत्र यायचं. आत्ता. आग लागल्यावर विहीर खणायची, आणि फावडं धरायला ज्याचं घर जळालं त्यालाच बोलवायचं. मी येणार नाही.

पण एक गोष्ट तुला कळायला हवी. परवा शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर छापखान्यात आला. नंबर बदललाय, नवीन कार्डं हवी होती. मजकूर दिला तरी उठेना. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"साहेब, एक बोलू का? रागावू नका."

"बोला."

"तुमचा मुलगा पुढच्या सीटवर बसायचा. माझ्या शेजारी. सहा वर्षं. गाडीचा आवाज ऐकून सांगायचा, काका, आज बेल्ट ओरडतोय. आणि खरंच ओरडत असायचा. मग दिवाळीनंतर एकदम गप्प झाला. डिसेंबरात एक दिवस मागे जाऊन बसला. अगदी मागे, जिथे लहान पोरांची दप्तरं टाकतात तिथे. शेवटपर्यंत तिथेच."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? मला फाटकाच्या आत येऊ देत नाहीत. तुम्हाला सांगावं, तर तुम्ही शिकलेले, तुम्हाला दिसत असेल असं वाटलं. म्हटलं, वयात आलाय पोरगा, आता ड्रायव्हरशेजारी बसायला लाजत असेल."

मी त्याच्यावर ओरडणार होतो. तोंड उघडलंही. पण तो रडत होता आणि मशीन चालू होती.

नंतर दिवसभर मी तुझ्यावर चिडलो. तू रोज त्या व्हॅनच्या पाच पावलांवरून शाळेत जायचीस. तो फाटकाबाहेर, तू फाटकाच्या आत. मध्ये एक फाटक आणि माझा मुलगा.

मुका

३ डिसेंबर

ताई,

मी आलो ते तू पाहिलंस. का आलो ते सांगतो. धाकटीच्या वर्गशिक्षिकेने तिच्या हाती चिठ्ठी पाठवली, 'पालकांची सही नसल्याने पुस्तक जमा झालेले नाही, कृपया त्रास देऊ नये.' त्रास! तो शब्द वाचला आणि ठरवलं की आता त्रास द्यायचाच.

सभेत काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण तू खाली बघत होतीस, म्हणून मला काय दिसलं ते लिहितो. दहावीच्या वर्गातली बाकं गोल मांडली होती. फळ्यावर रंगीत खडूने हसणारा चेहरा. पाहुण्यांनी पाऊण तास सांगितलं की विचार चांगले ठेवले की आयुष्य चांगलं होतं. एक गृहस्थ उठून म्हणाले, "हल्लीची पोरंच नाजूक. आम्हाला मास्तर वेताने फोडायचे. आम्ही मेलो का?" आणि मग त्यांना मी दिसलो. ते बसले, पण चूक सुधारायची म्हणून पुन्हा अर्धे उठले, आणि पुन्हा बसले.

मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की जिन्याखाली एक कुलूपबंद पेटी ठेवणार. मुलांनी मनातलं लिहून त्यात टाकायचं.

"किल्ली कुणाकडे?" दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं. मुलांच्या मनाचे आजार बघतात त्या.

"अर्थात माझ्याकडे."

"मग चिठ्ठ्यांऐवजी चॉकलेटचे कागदच पडतील त्यात," त्या म्हणाल्या.

हसले सगळे. तेव्हा मी उठलो. मला वाटलं माझा आवाज फुटणार नाही, पण तो इतका मोठा निघाला की मीच दचकलो. मी म्हटलं, "पेटी राहू द्या. डिसेंबर ते फेब्रुवारी माझा मुलगा रोज याच शाळेत होता. तेव्हा तो कुणाकुणाला दिसला? ज्याला दिसला त्याने उठून सांगा. काय दिसलं तेवढंच सांगा. कुणालाही फाशी देणार नाही मी."

मग ग्रंथपाल उठले. म्हातारे आहेत, बाकाला धरून उठले. "जेवणाच्या सुट्टीत रोज वाचनालयात यायचा. डिसेंबरपासून. एकच पुस्तक काढायचा, आणि एकच पान उघडून बसायचा. पान उलटायचा नाही. मी इतर मुलांना म्हणायचो, बघा, याला म्हणतात गोडी." खाली बसता बसता म्हणाले, "मी त्याला प्रशस्तिपत्र दिलं."

ते प्रशस्तिपत्र आमच्या भिंतीवर आहे, ताई. 'वाचनालयात सर्वाधिक उपस्थिती'. आमच्याच छापखान्यात छापलेलं, सोनेरी किनारीचं.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून हाक आली. "साहेब, मी पण सांगू का?" व्हॅनचा ड्रायव्हर. त्याला आत घेतलं नव्हतं, तो कुंड्यांमध्ये उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने मागच्या सीटचं सांगितलं. खिडकीतूनच. मुख्याध्यापकांना ना त्याला आत बोलवता येईना, ना गप्प बस म्हणता येईना.

एकाने पान पाहिलं, एकाने सीट पाहिली. कुणीच कुणाला सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, हा मुलगा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. आणि तो तर बाईंचा भाचा! म्हणजे त्याची काळजी घरचीच. हे मला ग्रंथपालांनी नंतर फाटकापाशी सांगितलं. "मोठ्या बाई आहेत ना, त्यांचं लक्ष असेलच."

मग मी धाकटीचं पुस्तक बाकावर आपटलं आणि म्हटलं, हा शेरा बघा. एकाच घरात सहावा. तिच्या वर्गशिक्षिका रडायला लागल्या. "मला तो ट्रेमध्ये मिळाला. मला वाटलं असाच लिहायचा असतो." पंचविशीची पोर ती. मी तिच्याकडे बघितलंच नाही. तुझ्याकडे बघत होतो. म्हटलं, आता उठेल. सव्वीस वर्षं या शाळेत तिच्या आवाजाला भिंती घाबरतात, आता काहीतरी बोलेल.

तू तोंड उघडलं नाहीस.

एक वाक्य बोलली असतीस तर मी तिथल्या तिथे खाली बसलो असतो. ते वाक्य तुला माहीत होतं आणि मलाही. तू ते गिळलंस, धाकट्या भावाला झाकायचं म्हणून. लहानपणी मी काच फोडली की तू म्हणायचीस, माझ्या हातून फुटली. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. मला तुझी मेहरबानी नको.

मुका

११ डिसेंबर

ताई,

तुझं आठ पानांचं पत्र आणि शिक्क्यांचा डबा पोचला.

आधी माझं. सभेत जे तू बोलली नाहीस ते मी लिहितो, म्हणजे एकदा लिहून होईल. शिक्के मी केले. तुझं मनगट सुजलं होतं, एकसष्ट पुस्तकांवर शेरे लिहायचे होते, तू छापखान्यात येऊन म्हणालीस, "मुक्या, काहीतरी कर रे, हात तुटायची वेळ आली." मी तीन शिक्के करून दिले. तू 'वर्तन चांगले' एवढंच मागितलं होतंस. शब्द मी बदलले. पंचेचाळीस मिलिमीटरच्या पट्टीत ते फार तोकडं दिसत होतं. 'शांत व समंजस. त्रास नाही' बरोबर बसलं. शोधावं लागलं नाही. पाहुणे आले की आपले वडील माझ्या डोक्यावर हात ठेवून हेच म्हणायचे. आपल्या घरात आवाज फक्त भांड्यांचा असायचा आणि त्याचा आपल्याला अभिमान होता.

थोरल्याच्या पुस्तकांत त्या पाच शिक्क्यांखाली पाच सह्या आहेत. 'पालकांची सही'. माझ्या. दरवेळी मी हिला दाखवून म्हणालो, बघ, आपल्यावर गेलाय.

आणखी एक आहे. हे हिलाही सांगितलेलं नाही. जानेवारीत एका दुपारी तो शाळा सुटल्यावर छापखान्यात आला. माझ्या हातात प्रूफ होतं. स्टुलावर बसला. म्हणाला, "बाबा, मला शाळेत जायला नको वाटतं." मी ओळीवरचं बोट न काढता म्हटलं, "एवढं प्रूफ होऊ दे." तो थांबला. बराच थांबला. प्रूफ झालं तेव्हा मी म्हटलं, "काय म्हणत होतास?" तो म्हणाला, "काही नाही." मी म्हटलं, "परीक्षा झाली की होईल सगळं ठीक." आणि बरं वाटलं मला, ताई. बापाने बोलावं तसं बोललो असं वाटलं.

आता तुझं.

तुझ्या पत्राचं पाचवं पान वाचून मी पत्र फाडलं. मग छापखान्यातला डिंक लावून जोडलं. ते पान आता वाकडं झालंय, पण वाचता येतं. त्याच जानेवारीत, तू लिहितेस, मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यात तुझ्यामागे आला आणि हळूच म्हणाला, "आत्या." तुझ्या हातात वह्यांचा गठ्ठा होता, मागून दोन शिक्षक येत होते. तू म्हणालीस, "शाळेत बाई म्हणायचं. कितीदा सांगितलं?" तो म्हणाला, "हो बाई." आणि वर्गात गेला. संध्याकाळी विचारू म्हणालीस आणि विसरलीस.

तो नियम तू केलास तेव्हा मीच मान डोलावली होती. इतर मुलांना वाटायला नको, भाच्याला जास्त मार्क मिळतात. सगळं नियमात बसलेलं. घरी त्याला 'म्हातारबा' म्हणून चिडवायचीस, त्याच्या ताटातलं उचलून खायचीस, आणि शाळेच्या फाटकात त्याची आत्या संपायची.

पण म्हणून माझा राग कमी झाला असं समजू नकोस. उलट वाढलाय. तू त्याला बाई म्हणायला लावलंस आणि मी त्याला प्रूफ होईपर्यंत थांबायला लावलं. एकाच महिन्यात तो दोन दारांवर आला. आपण दोघेही घरात होतो.

डॉक्टरबाईंना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, "अशा गोष्टीला एक कारण नसतं. तुम्ही एकच धागा ओढू नका." मी म्हटलं, मग मी रागावू कुणावर? त्या म्हणाल्या, "रागवा. फक्त त्या रागाला काहीतरी काम द्या." मला ते आवडलं नाही, पण विसरताही येत नाही.

डबा उघडला. दोन शिक्के शाईने काळेनिळे झालेत, कडा झिजल्यात. तिसरा 'लक्ष देणे आवश्यक' कोरा आहे. रबर मी दिलं तसं गुलाबी. तीन वर्षांत तुमच्या अख्ख्या शाळेत एकदाही कुणी तो शाईत बुडवला नाही.

मुका

२२ डिसेंबर

ताई,

हे पत्र कामाचं आहे.

नव्या सत्राची प्रगतिपुस्तकं आमच्याकडे छपाईला आली. मी मुख्याध्यापकांना निरोप धाडला, जुन्या साच्यात छापणार नाही. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. मशीनवाला त्यांना म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे साहेब. आजवर कागद अडकायचा, यंदा मालक अडकलेत."

मग छापखान्यातच बसलो, कागदाच्या गठ्ठ्यांवर. डॉक्टरबाई, ग्रंथपाल, व्हॅनचा ड्रायव्हर, धाकटीच्या वर्गशिक्षिका आणि मी. तुला मी बोलावलं नाही. बोलावता आलं नाही. मुख्याध्यापक उशिरा आले आणि उभेच राहिले.

शेऱ्याचा रकाना किती रुंद असतो माहीत आहे तुला? शिक्का बसेल एवढा. तो मीच आखला होता. आता अर्धं पान केलंय, आणि तिथे शिक्का चालणार नाही असं वर छापलंय. शिक्षकाने मुलाबद्दल स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहायची. चांगली-वाईट नव्हे, पाहिलेली. वर्गशिक्षिका घाबरली, "एकसष्ट मुलांचं कसं लिहू?" ग्रंथपाल म्हणाले, "माझ्याकडे येतात त्यांचं मी सांगेन." ड्रायव्हर म्हणाला, "बावीस माझे." ती बोटांवर मोजायला लागली.

भांडण झालं ते दुसऱ्या पानावरून. त्या पानावर मुलाने स्वतः लिहायचं. डॉक्टरबाईंना हवं होतं, 'मला मानसिक ताण जाणवल्यास'. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, एवढं वाचेपर्यंत पोराचा ताण वाढेल." शेवटी ओळ ठरली ती अशी: 'मला जड वाटलं तर मी यांना सांगेन', आणि पुढे मोकळी जागा. ज्याचं नाव येईल त्याला डॉक्टरबाई चार शनिवार शिकवणार: ऐकायचं कसं, कुणाला न सांगण्याचं वचन का द्यायचं नाही, त्याच दिवशी त्यांच्यापर्यंत कसं आणायचं. हे पान शाळेतच भरायचं, आणि घरी जाण्याआधी त्या माणसापर्यंत पोचवायचं.

मुख्याध्यापक म्हणाले, "मुलं काय, कुणाचंही नाव लिहितील. उद्या ड्रायव्हरचं लिहितील."

"लिहू देत," मी म्हटलं.

"मग त्यांना शाळेत..."

"आत घ्यावं लागेल."

"शाळेची शिस्त म्हणून काही..."

मी उठलो आणि थोरल्याचं शेवटचं प्रगतिपुस्तक त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, ही तुमची शिस्त. यात एकही चूक नाही. प्रूफ मीच वाचलंय.

त्यांनी बसायला स्टूल ओढलं. तेच स्टूल, पण त्यांना काय ठाऊक. बसल्यावर नवा साचा नीट वाचला, आणि खरं सांगायचं तर एक चूक त्यांनीच काढली. रविवारी आणि सुट्टीत मूल कुणाला सांगणार? मग खाली दुसरी ओळ घातली: 'शाळा बंद असेल तर'.

छपाई सुरू आहे. धाकटीला दर मंगळवारी डॉक्टरबाईंकडे नेतो. तिथे बोलते का, मी विचारत नाही. काल पेन्सिली तीनच घेऊन बसली होती.

मुका

१२ जानेवारी

ताई,

पानं भरून झाली. वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, ड्रायव्हरचं नाव नऊ मुलांनी लिहिलंय. त्याला फाटकाच्या आत घेतलं तेव्हा त्याने आधी चपला काढून ठेवल्या, शिपायाने सांगितलं तेव्हा घातल्या. एका मुलाने कॅन्टीनमधल्या मावशींचं लिहिलं. चार मुलांनी जागा कोरी सोडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी त्या चौघांना भेटू.

धाकटी काल मी दुकान आवरत असताना छापखान्यात आली. माझ्या हातात प्रूफ होतं. मी ते उलटं करून ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. तिने दप्तरातून पान काढलं. आधी शाळेत द्यायचं असतं ते तिने दिलं नव्हतं, दोन दिवस दप्तरातच ठेवलं होतं.

मला वाटलं होतं, आई असेल. डॉक्टरबाई असतील. खोटं कशाला लिहू, मला वाटलं होतं मी असेन.

पान सोबत जोडलंय. तिचं अक्षर तू ओळखशील, पेन्सिलीने इतकं दाबून लिहिलंय की मागच्या बाजूलाही हाताला लागतं. 'मला जड वाटलं तर मी यांना सांगेन: आत्या.' आधी 'मोठ्या बाई' लिहिलं होतं. ते खोडलंय, कागद फाटेपर्यंत खोडलंय.

"मग दिलं का नाहीस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "दादा म्हणायचा, शाळेत आत्या म्हटलेलं चालत नाही. बाबा, चालेल का?"

ताई, माझा राग गेलेला नाही. तुझ्यावरचा नाही आणि माझ्यावरचा तर मुळीच नाही. तुझ्या घरी मी अजून येणार नाही, आणि खिडकीखालून जाताना वर बघेन असंही कबूल करत नाही. प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढलंय, एवढंच सांगण्यासारखं आहे. पण तिला मी म्हटलं, "विचारून सांगतो."

म्हणून विचारतोय. चालेल का?

उत्तर मला नको. उद्या मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात, वाचनालयाच्या दारापाशी उभी राहील. तुझ्या हातात वह्या असतील, मागून कुणीतरी येतच असेल. वह्या खाली ठेव. ती हाक मारेल. सगळ्यांच्या देखत 'ओ' दे.

तुझा भाऊ